वर्गात केलेलं कुंकू

हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं नि कोणाला नाही, याचे सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यात पक्के कायदे आहेत. ते कायदे करणाऱ्या बायका एरवी पाण्याच्या टाकीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटायला कमी करत नाहीत, पण संक्रांत आली की सगळ्यांचं एकमत. नवरा असेल तिला बोलवायचं. तो दारू पिऊन गटारात पडत असला तरी चालेल, पण असला पाहिजे. मला या कायद्याचा पूर्वीपासून राग आहे आणि मी तो लपवत नाही. म्हणून सोसायटीत माझं नाव ‘तिखट उज्ज्वला’ पडलंय. पडू दे.

तर यंदाच्या संक्रांतीला मी ठरवलं की सरलाबाईंना हळदीकुंकवाला बोलवायचं. सरलाबाई म्हणजे नवागामच्या मराठी शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या बाई. त्या लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा झाल्या, नोकरी धरून एकट्या सुरतेत आल्या आणि निम्म्या नवागामला शिकवून निवृत्त झाल्या. आता गुडघे गेले, एकटीने राहणं होईना, म्हणून त्यांचा पुतण्या हेमराज त्यांना कायमचं नंदुरबारला नेणार होता. रथसप्तमी झाली की निघायचं. म्हणजे सुरतेतली त्यांची ही शेवटची संक्रांत. इतक्या वर्षांत या शहरातल्या एकाही घरात त्यांच्या कपाळाला कुंकवाचं बोट लागलं नव्हतं. ते माझ्या घरी लागावं, त्या जाण्याआधी लागावं, एवढीच माझी इच्छा.

घरात सांगितलं आणि ठिणगी पडली. माझ्या सासूबाई, शांताबाई, स्वयंपाकघरातल्या खाटेवर तंबाखू मळत बसल्या होत्या. त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला.

“मी जित्ती शे तोपावत या घरमा असं व्हवाव नही,” त्या म्हणाल्या. “मी सोता आतमा बठस ना? मंग तिले कशी भाहेर बसाडस तू? ती मास्तरीण व्हई, तं व्हई.”

यात खोट काढायला जागा नव्हती. सासरे, धुडकू बाबा, गेल्यापासून सासूबाई प्रत्येक हळदीकुंकवाला स्वयंपाकघराचं दार ओढून आत बसतात. आम्ही कोणी सांगितलेलं नाही. उलट मी पहिल्या वर्षी बाहेर चला म्हणून हाताला धरलं, तर हात झटकून टाकला. जो नियम त्या स्वतः पाळतात तो बाहेरच्या बाईला माफ कसा करणार?

माझी हर्षदा कॉलेजात जाते. तिचं आजीशी मराठी, मैत्रिणींशी गुजराती आणि माझ्याशी भांडताना दोन्ही. ती म्हणाली, “मम्मी, एमां शुं थई जाय? काय बिघडतं त्यात? बाईंना बोलव, दादीला मी सांभाळते.” दादीला आजवर कोणी सांभाळलेलं नाही. तिच्या आजोबांनाही ते जमलं नव्हतं.

माझा हट्ट कुठून आला ते सांगते.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. एक लोखंडी कपाट होतं, त्यात दोन परीक्षानळ्या आणि एक उंदराचं घरटं. शेजारी लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. दिवसभर त्याची खटखट चालायची, त्यामुळे बाईंना कायम वरच्या पट्टीत शिकवावं लागायचं. आम्हालाही सवय अशी झाली की रविवारी घरी शांत वाटलं की चुकल्यासारखं व्हायचं. अजूनही कुठे लूमचा आवाज ऐकला की मला पहिल्यांदा खडूचा वास येतो. किती गोड दिवस होते ते! अंगावर धड गणवेश नसायचा, डब्यात रोज तीच चटणी-भाकर, तरी मला आज कोणी विचारलं की कुठे जायचंय, तर मी त्या वर्गातला तिसरा बाक मागेन.

सातवीत आम्ल आणि आम्लारीचा धडा आला. पुस्तकात लिटमस कागदाचं चित्र होतं, निळा नि लाल. आमचं पुस्तक काळंपांढरं, त्यामुळे दोन्ही कागद राखाडीच. बाई म्हणाल्या, “हे चित्र झाकून ठेवा. उद्या येताना प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची. आंबट नाहीतर तुरट, झोंबणारी, बुळबुळीत, काहीही. फक्त मिलमधलं तेजाब, म्हणजे ॲसिड, कोणी आणायचं नाही.” हे शेवटचं भटूकडे बघून, कारण त्याचा बाप कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होता आणि भटूचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गाला किराणा दुकानाची कळा आली. चिंच, ताक, पापडखार, खायचा सोडा, चुलीतली राख, कैरीचं लोणचं. लोणचं प्रयोगाआधीच संपलं. भटूने बापाची चुन्याची डबी ढापून आणली होती. मी लिंबू आणलं होतं. आणि बाईंनी स्वतः आणली होती हळद.

“ही आपली दर्शक,” त्या म्हणाल्या. “दर्शक म्हणजे चुगलखोर. समोरचा आम्ल आहे की आम्लारी, ते रंग बदलून सांगून टाकते.” त्यांनी पितळी ताटलीत हळद पाण्यात कालवली. चिंचेचं पाणी टाकलं, पिवळीची पिवळीच. ताक टाकलं, तरी पिवळी. आम्ही कंटाळायला लागलो. मग दुसऱ्या ताटलीतल्या हळदीत त्यांनी नखाएवढा चुना टाकला नि बोटाने फिरवला, आणि आमच्या डोळ्यांदेखत तिचा लालभडक गोळा झाला.

“बाई, कुकू!” कोणीतरी ओरडलं.

“कुंकूच,” बाई हसल्या. “पूर्वी असंच करायचे. हळदीला आम्लारी भेटली की कुंकू.”

मग काय, वर्ग मोकाट सुटला. सगळ्या पोरींना लावून घ्यायचं होतं. ताटली माझ्या हातात आली. मी आईबरोबर चाळीतल्या सगळ्या हळदीकुंकवांना जायचे, मला त्यातलं सगळं कळतं असा माझा समज होता. पोरींना लावलं, पोरांना लावलं. भटूने तर मळवट भरून घेतला. ओळ संपली तेव्हा समोर बाई उभ्या होत्या. त्यांचं कपाळ मोकळं होतं. मला वाटायचं शिकलेल्या बायका लावत नसतील, जसं त्या नऊवारी नेसत नाहीत तसं. मी टाचा उंच केल्या आणि त्यांच्या कपाळावर बोट टेकवलं.

मागे दोघी-तिघींनी तोंडावर हात ठेवले. मोठ्या पोरींना ठाऊक होतं, मला नव्हतं. खात्याची खटखट तेवढी चालू. बाई हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. राग नव्हता त्यावर. ज्याची वाट पाहणं सोडून दिलं, तोच दारात उभा दिसावा, तसा चेहरा. मला त्या फार सुंदर दिसल्या. मी तसं म्हणालेसुद्धा, “बाई, छान दिसतं!”

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर ओसरीवर दोघा-तिघांच्या आया डबे घेऊन बसलेल्या असायच्या. मग त्यांनी आवाज वर चढवला, अगदी नेहमीसारखा. “आता शेवटचा भाग. उज्ज्वला, लिंबू काप.” मी फोड दिली. त्यांनी ती स्वतःच्या कपाळावर फिरवली आणि आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. लाल ठिपका बघता बघता पिवळा झाला. “बघा. आम्लारी होती, तिला आम्ल मिळालं. दोघांनी एकमेकांचा गुण मारला. याला म्हणतात उदासिनीकरण. लिहून घ्या.” मग रुमालाने पिवळंही पुसलं.

आम्ही लिहून घेतलं. घरी जाऊन मी आईला मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं, तर आईने कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशी मला कळलं की बाईंनी प्रयोग पुरा केला नव्हता, स्वतःला सावरून घेतलं होतं. ओसरीवरच्या कोणी बघितलं असतं तर नोकरीवर नाही, पण नावावर आलं असतं. पुढे वार्षिक परीक्षेत ‘उदासिनीकरणाचे एक उदाहरण लिहा’ असा प्रश्न आला. मी हळद, चुना आणि लिंबू लिहिलं. कपाळ लिहिलं नाही. एवढी अक्कल तोवर आली होती.

तेव्हापासून माझ्या घरी इतक्या संक्रांती झाल्या. दर वेळी थाळी हातात घेतली की मला बाई आठवायच्या आणि दर वेळी मी पुढच्या वर्षी बघू म्हणायचे. आता पुढचं वर्ष उरलं नव्हतं.

मी आमंत्रण द्यायला नवागामला गेले. बाईंची खोली अर्धी बांधून झाली होती. मला बघून त्यांनी पुस्तकांचं खोकं सरकवून बसायला जागा केली आणि पहिला प्रश्न विचारला, “हर्षदाने विज्ञान घेतलं की नाही?”

“कॉमर्स घेतलं, बाई.”

“अरेरे,” त्या म्हणाल्या. कोणी गेल्याचं कळावं तसं.

मी हळदीकुंकवाचं सांगितलं. त्या हसल्या. “वेडी आहेस. मी सगळ्या गेल्या की येईन. तुला भेटेन, तिळगूळ खाईन, जाईन. तुझ्या सासूबाईंच्या घरात मला भांडण लावायचं नाही.”

“घर माझंही आहे.”

“म्हणून तर,” त्या म्हणाल्या. “तुला तिथेच राहायचंय. मी चालले.”

मला इतका राग आला की चहा अर्धा ठेवून उठले. रिक्षात बसल्यावर डोळे भरून आले. पर्वत पाटियाच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली होती, दोन्ही बाजूंना साड्यांच्या गठ्ठ्यांनी लादलेले टेम्पो हॉर्न मारत होते, आणि मी नाक पुसत बाईंना मनातल्या मनात शिव्या देत होते. आयुष्यभर दुसऱ्यांना समजून घेतलं या बाईने. कधीतरी एकदा भांडावं की नाही?

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारपासून बायका यायला लागल्या. वाण म्हणून मी साडीची कव्हरं ठेवली होती, चेनवाली. सुरतेत साड्यांना काय तोटा, कव्हरं मात्र कधी पुरत नाहीत. बाहेर तारांवर अजून उत्तरायणातले फाटके पतंग लटकत होते. स्वयंपाकघराचं दार नेहमीप्रमाणे ओढलेलं. आत सासूबाई.

उन्हं उतरल्यावर गर्दी ओसरली. चार-पाच जणी गप्पा मारत बसल्या होत्या, तेवढ्यात बाई आल्या. काठी टेकत, पांढऱ्या साडीत, हातात तिळगुळाची पुडी. बसलेल्या बायका किंचित सरकल्या. जागा द्यायला की दूर व्हायला, ते मी विचारलं नाही. मी थाळी उचलली. बाईंनी थाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काठी टेकत सरळ स्वयंपाकघराचं दार लोटून आत गेल्या. माझी थाळी तशीच हवेत. मी हर्षदाला बायकांचं बघायला सांगितलं आणि मागोमाग आत शिरले.

बाई सासूबाईंच्या खाटेवर टेकल्या होत्या. “मावशी, तिळगूळ घ्या,” त्या म्हणत होत्या. “उज्ज्वला हट्टी आहे, लहानपणापासून. तुम्ही मनावर घेऊ नका. तुमचं बरोबर आहे.”

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. “काय बरोबर आहे?” मी ओरडले, पण दबक्या आवाजात, कारण बाहेर बायका होत्या. दबक्या आवाजात ओरडायला फार कष्ट पडतात. मी फडताळातून हळदीचा डबा काढला. सासूबाईंच्या मांडीवर चुन्याची डबी होती ती उचलली. स्टीलच्या ताटलीत दोन चमचे हळद ओतली, चुन्याचा मोठा गोळा काढला...

“एवढा नको!” बाई एकदम म्हणाल्या. “कपाळ भाजेल. नखाएवढा. आणि आधी हळद भिजव, काय घाई आहे?”

इतकी वर्षं झाली, तरी माझा हात त्या आवाजाला थांबला. हळद भिजवली. नखाएवढा चुना टाकला. बाईंनी ताटली जवळ ओढून स्वतःच बोट फिरवायला सुरुवात केली, त्यांना राहवेना. हळद लाल व्हायला लागली. सासूबाई वाकून बघत होत्या.

“हाई कुकू शे?” त्यांनी विचारलं. “मना चुनानं?”

“तुमच्याच,” मी म्हणाले. “आई, हळद तुम्ही रोज डाळीत टाकता. चुना रोज हातावर मळता. या ताटलीत तिसरं काहीही नाही. यातल्या कशाला तुम्हाला हात लावता येत नाही, ते मला सांगा.”

मला वाटलं, आता ताटली भिरकावतील. त्यांनी ताटली फक्त जवळ ओढली. मग त्यांचा आवाज आला, तो मी याआधी कधी ऐकला नव्हता.

“मनं कुकू मी पुसं नही,” त्या म्हणाल्या. “धनी गयात तवय चार जणी उन्यात नि त्यास्नी पुसं. मले कोनी इचारं बी नही.” त्यांनी बाईंकडे मान वळवली. “तुले इचारं व्हतं का वं कोनी?”

बाईंनी मान हलवली. नाही.  त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही.

सासूबाईंनी ताटलीत बोट घातलं.  “आंगे ये,” त्या म्हणाल्या. बाई पुढे झुकल्या. सासूबाईंनी त्यांच्या कपाळावर बोट टेकवलं, थोडं वाकडं लागलं, म्हणून पुन्हा नीट केलं. मी तिथेच फडताळाला टेकून रडायला लागले. मला जे करायचं होतं ते माझ्या हातून झालंच नाही, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

“बस,” सासूबाई म्हणाल्या, जणू चपाती लाटून झाली. उठून मोरीपाशी गेल्या, साबणाची वडी घेतली नि बोटं घासायला लागल्या. दुसऱ्या क्षणी ओरडल्या, “हाई तं आखो लाल व्हयनं वं!”

खरंच, ताटलीच्या कडेची बोटांना लागलेली पिवळी हळदही आता लाल झाली होती, दोन्ही तळव्यांवर ओघळ. बाई रडत होत्या त्या हसायला लागल्या. “मावशी, साबण आम्लारी असतो! चुन्यासारखाच. हळदीला तो लागला की...”

“ऱ्हाऊ दे. समजनं मले,” सासूबाईंनी हात झटकले. दोन्ही तळवे उजेडात धरून त्यांनी बराच वेळ पाहिले. मग परत येऊन खाटेवर बसल्या, बाईंच्या समोर, आणि डोक्यावरचा पदर मागे सारला. “हात तं रंगनाच. आते कपाय कसाले कोरडं ठेवू? लाव.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटली त्यांच्याकडे सरकवली. बाहेर कोणीतरी निघायची तयारी करत होतं, हर्षदा वाण देत होती. बाईंनी ताटलीत बोट बुडवलं आणि सासूबाईंच्या सुरकुतलेल्या कपाळावर मधोमध, जपून, एक बारीक टिकली लावली.

सासूबाईंनी डोळे मिटले होते. ते तसेच मिटलेले ठेवून त्या म्हणाल्या, “जराखं मोठं लाव. त्यास्ले मोठं आवडे.”